कोयनेलपासून एथॅम्ब्युटॉलपर्यंत : औषधजन्य दृष्टिबदल आणि त्याची पहिली खूण

१. विषयाची मांडणी

जे औषध रोग हटविते तेच दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास शरीराच्या एखाद्या दूरच्या व नाजूक भागावर आपला ठसा उमटविते, ही गोष्ट वैद्यकास नवी नाही. डोळा हा असा एक भाग होय. हिवताप, क्षय, संधिवात यांसारख्या विकारांवर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी डोळ्याच्या पडद्यास अथवा दृक्चेतेस इजा पोचते. ती आरंभी ओळखता आली तर पुष्कळ अंशी टळते, आणि उशिरा ओळखली तर बहुधा कायमची राहते. म्हणून येथे सर्व भार ‘आरंभी’ या एका शब्दावर येऊन पडतो. आरंभ कशास म्हणावयाचे? तो प्रथम कोणास कळतो? रुग्णास, वैद्यास, की यंत्रास? आणि रुग्णास कळला, तर तो कोणत्या शब्दांत सांगितला जातो?

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा इतिहासाच्या अंगाने विचार करावयाचा आहे. लेखकाचा अभ्यासविषय भाषा हा आहे, वैद्यक नव्हे. तथापि हा इतिहास पाहू लागले असता त्यात भाषेचा वाटा अपेक्षेहून फार मोठा असल्याचे दिसून येते. विवेचनास एक ठाव असावा म्हणून पनवेल तालुक्यातील शिरढोण व त्याचा परिसर नजरेसमोर ठेवला आहे. वासुदेव बळवंत फडके (१८४५–१८८३) यांचे जन्मगाव म्हणून शिरढोण महाराष्ट्रास परिचित आहे. पनवेलहून कर्नाळ्याकडे जाणाऱ्या मार्गावरील हे गाव. एका बाजूस डोंगर व रान, दुसऱ्या बाजूस खाडीकडे उतरत जाणारी भातशेती व खारजमीन, आणि मुंबईशी पिढ्यानुपिढ्यांचे दळणवळण, अशी या भागाची रचना आहे. हिवताप, क्षय आणि अलीकडील दीर्घकालीन विकार या तिन्हींची औषधे अशा प्रदेशात क्रमाने येत गेली. त्यामुळे विषयाचा क्रम समजण्यास हा ठाव सोयीचा आहे.

२. जुनी परंपरा : रुग्णाची साक्ष

दृष्टी मंदावण्याची पहिली खूण रुग्णाच्या बोलण्यात शोधावी, ही दृष्टी आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिराचे वर्णन करताना दोष कोणत्या पटलात शिरला हे रुग्णास काय दिसते यावरून ठरविले आहे. प्रथम सर्व काही अस्पष्ट भासते. दोष पुढच्या पटलात गेला म्हणजे माशा, डास, केस, जाळी डोळ्यांपुढे आल्यासारखे वाटते, आणि प्रयत्न करूनही सुईचे नेढे दिसत नाही. डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन ज्या काळी नव्हते त्या काळी वैद्यापुढे दुसरा मार्गच नव्हता; परंतु त्यामुळे रुग्णाचे म्हणणे बारकाईने ऐकून त्याचे वर्गीकरण करण्याची एक शिस्त निर्माण झाली. ‘सुईत दोरा ओवता येतो का?’ हा प्रश्न आजही आपल्या घरांतून विचारला जातो, तो याच जातीचा आहे.

मराठीत या अनुभवांसाठी शब्दांची वाण नाही. अंधुक, धूसर, धुरकट, पुसट ही विशेषणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, काजवे चमकणे, झापड येणे हे वाक्प्रचार, आणि रातांधळेपणा हे नाम यांचे अर्थ परस्परांपासून निराळे आहेत. पुसट दिसणे हे रेषेविषयी आहे, अंधुक दिसणे प्रकाशाविषयी, फिके दिसणे रंगाविषयी. शब्दसंपत्तीची ही सूक्ष्मता रुग्णाजवळ असते. प्रश्न विचारणारा तिचा कितपत उपयोग करून घेतो, हा पुढचा मुद्दा आहे.

३. कोयनेल

सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढण्याचे काम पेल्त्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये केले. हिंदुस्थानात सिंकोनाची लागवड १८६० नंतर निलगिरीत सुरू झाली व यशस्वी झाली. मुंबई इलाख्यात महाबळेश्वरनजीक लिंगमळा येथेही तसा प्रयत्न झाला, पण तो फसला. १८९२ मध्ये बंगालमध्ये डाकघरांतून एका पैशास क्विनीनची पुडी विकण्याची योजना निघाली आणि ती पद्धत पुढे इतर प्रांतांतही पसरली. अशा रीतीने एक परदेशी औषध खेड्याच्या वेशीपर्यंत पोचले. मराठीने त्यास ‘कोयनेल’ हे नाव दिले, व कडूपणाची उपमा देण्याकरिता काडेचिराइताच्या शेजारी त्याला बसविले. परकीय वस्तू लोकांनी कितपत आपलीशी केली याचे, शब्दाचे रूप किती बदलले यासारखे दुसरे गमक नाही.

पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. या पट्ट्यात हिवताप हा ऋतुमानाचाच भाग समजला जाई. मुंबई शहरातील हिवतापाची चौकशी सी. ए. बेंटली यांनी केली व तिचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील विहिरींत वाढणाऱ्या डासांकडे त्याने लक्ष वेधले. मुंबईस कामाकरिता जाणारा व सुगीस परतणारा माणूस अशा दोन हिवतापांच्या मध्ये वावरत होता.

क्विनीनची मात्रा फार झाली असता दृष्टी जाते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच वैद्यांच्या ध्यानात आली होती. हा प्रकार बहुधा मोठ्या मात्रेनंतर काही तासांत, एकाएकी घडतो. बाहुल्या विस्फारतात, सर्वत्र अंधार होतो. पुढे मध्यभागीची दृष्टी पुष्कळशी परत येते, पण दृष्टिक्षेत्राच्या कडा आकसलेल्या राहतात. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या नेत्रदर्शकामुळे अशा डोळ्यातील फिकट पडलेले दृक्चेतेचे मुख व बारीक झालेल्या धमन्या प्रत्यक्ष दिसू लागल्या. परंतु ते निदान झाल्यानंतरचे दर्शन होते. आधीची सूचना डोळा देत नसे. ती कान देई. कान वाजू लागणे, दडे बसणे, डोके जड होणे या खुणा प्रथम येत. गंमत अशी, की कान वाजू लागले म्हणजे मात्रा पुरेशी झाली असे मानण्याचीही प्रथा होती! म्हणजे जी धोक्याची सूचना होती तीच उपचार लागू पडल्याची खूण समजली गेली. खूण दिसणे आणि खुणेचा अर्थ लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

४. दिवसांचे औषध वर्षांचे होते

क्लोरोक्विन हे द्रव्य जर्मनीत हान्स आंडरझाग याने १९३४ मध्ये बनविले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते हिवतापावरील प्रमुख औषध झाले. भारतात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला व १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. फवारणीबरोबर क्लोरोक्विनच्या गोळ्या घरोघर गेल्या, आणि कोयनेल मागे पडले. हिवतापासाठी ही गोळी थोडेच दिवस घ्यावयाची असते व त्यामुळे डोळ्यास धोका पोचत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

धोका निर्माण झाला तो औषधाने आपला रोग बदलला तेव्हा. हिवतापावरील या वर्गाची औषधे त्वचेच्या व सांध्यांच्या काही विकारांवर उपयोगी पडतात, असे १९५१ च्या सुमारास दिसून आले. सांधेवाताचा रुग्ण ती दिवसांच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबाने घेऊ लागला. १९५७ मध्ये अशा रुग्णांच्या दृक्पटलातील बदलांची नोंद झाली, आणि १९५९ मध्ये हॉब्ज, सॉर्स्बी व फ्रीडमन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये क्लोरोक्विनजन्य दृक्पटलविकाराचे वर्णन केले. दृष्टीच्या केंद्रबिंदूभोवती कंकणाकार पट्टा झिजतो व मध्य काही काळ शाबूत राहतो. नेमबाजीच्या चक्राशी असलेल्या साम्यावरून त्यास नाव पडले. १९५५ पासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे तुलनेने सौम्य द्रव्य वापरात आले आणि आज संधिवात व ल्यूपस यांत तेच प्रामुख्याने दिले जाते. भारतात मधुमेहाच्या काही रुग्णांसही ते दिले जाते.

या विकाराचे वैशिष्ट्य असे, की त्याचा आरंभ मुका असतो. मध्य शाबूत असल्यामुळे रुग्ण तक्त्यावरील बारीक अक्षरे नीट वाचतो. वाचताना एखादे अक्षर गळते, तेव्हा इजा बरीच पुढे गेलेली असते. शिवाय औषध थांबविल्यावरही झीज काही काळ चालू राहू शकते. अमेरिकेतील मेलेस व मार्मर यांनी २०१४ मध्ये २,३६१ दीर्घकालीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दररोजची मात्रा शरीराच्या प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोग्रॅमला ५ मिलिग्रॅमपर्यंत ठेवल्यास पहिल्या पाच वर्षांत विकाराची शक्यता १ टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी, परंतु वीस वर्षांनंतर सुमारे २० टक्के असते, असे त्यात आढळले. याच संशोधकांनी २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली. विकार झालेल्या आशियाई वंशाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत झीज नेहमीच्या कंकणाच्या बाहेर, अधिक दूरवर होते. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. अर्थात पाश्चात्त्य रुग्णांवरून ठरविलेल्या जागीच तपासणी केली, तर आपल्याकडील आरंभ नजरेतून निसटण्याचा संभव आहे.

मात्रेचा हिशेब आपल्या संदर्भात करून पाहण्याजोगा आहे. ४५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीस या मर्यादेने दररोज २२५ मिलिग्रॅम चालतात. २०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर प्रमाण ४.४ पडते, तशा दोन घेतल्या तर ते ८.९ होते. ग्रामीण महाराष्ट्रात ४५ किलोग्रॅम वजनाची प्रौढ स्त्री दुर्मिळ नाही. तेव्हा दृष्टिरक्षणाची पहिली पायरी नेत्रयंत्राजवळ नसून वजनकाट्याजवळ आहे.

अमेरिकेतील नेत्रवैद्यक अकादमीच्या २०१६ च्या शिफारशींनुसार औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात एक पायाभूत तपासणी व पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी. मात्रा अधिक असेल, मूत्रपिंड दुबळे असेल, टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा दृक्पटलाचा आधीचा विकार असेल, तर वार्षिक तपासणी त्याआधीच सुरू करावी. स्वयंचलित दृष्टिक्षेत्रमापन व दृक्पटलाच्या थरांचे प्रकाशीय छेदचित्रण ही तपासणीची मुख्य साधने होत. मार्क ॲम्स्लर या स्विस नेत्रतज्ज्ञाचा चौकटींचा तक्ता सुटसुटीत असला, तरी या कामी त्यावर विसंबणे आता योग्य मानले जात नाही. मार्च २०२० मध्ये महामारीच्या आरंभी या औषधाचे नाव वृत्तपत्रांतून घरोघर पोचले, मागणी इतकी वाढली की त्याच्या विक्रीवर शासनास निर्बंध घालावे लागले, व ज्यांना ते नित्य लागते त्यांना ते मिळेनासे झाले. नाव पोचले, वर्षाकाठी करावयाच्या तपासणीची वार्ता मात्र तितकी पोचली नाही.

५. रंग आणि रंगाचे नाव

एथॅम्ब्युटॉल हे क्षयावरील औषध १९६१ मध्ये पुढे आले, आणि १९६२ मध्येच कार व हेन्किंड यांनी त्याच्या नेत्रपरिणामांची नोंद केली. येथे इजा दृक्पटलास नव्हे, तर प्रामुख्याने दृक्चेतेस पोचते. त्या दशकातील अनुभवावरून मात्रेचा व धोक्याचा संबंध निश्चित झाला. दर किलोग्रॅमला ३५ मिलिग्रॅमहून अधिक मात्रेस सुमारे १८ टक्के, २५ मिलिग्रॅमला ५ ते ६ टक्के व १५ मिलिग्रॅमला १ टक्क्याहून कमी, असे आकडे ग्रंथांतून रूढ आहेत. दृष्टीतील बदल बहुधा औषध सुरू झाल्यानंतर दोन ते आठ महिन्यांत दिसू लागतो. दोन्ही डोळ्यांची मध्यवर्ती दृष्टी हळूहळू मंदावते आणि रंगांचा, विशेषतः तांबड्या-हिरव्याचा, भेद ओसरतो. निळ्या-पिवळ्याचा भेदही आधी बिघडू शकतो असे पुढील अभ्यासांत दिसले.

आरंभी नेत्रदर्शकातून पाहिले असता डोळ्यात काहीच वावगे आढळत नाही. दृक्चेतेच्या अशा विकाराविषयी, त्यात रुग्णालाही दिसत नाही आणि वैद्यालाही दिसत नाही, अशी एक जुनी वैद्यकीय उक्ती आहे. क्लोरोक्विनच्या विकारात रुग्ण मुका असतो व यंत्र बोलते. येथे यंत्र बराच वेळ मुके असते व रुग्ण बोलू शकतो. या दोहोंतील हा विरोध ध्यानात घेतल्यावाचून ‘लवकर ओळखणे’ या शब्दांना निश्चित अर्थ येत नाही.

रुग्णाने रंगाविषयी सांगावयाचे म्हटले की रंगाचे नाव आले, आणि नाव आले की भाषाशास्त्रातील एक जुना वाद उपस्थित होतो. १८५८ मध्ये ग्लॅडस्टनने होमरच्या काव्यातील रंगवाचक शब्दांच्या तोकडेपणावरून प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अविकसित असावी असे सुचविले. स्वीडनमध्ये १८७५ साली लागरलुंडा येथे आगगाड्यांची टक्कर झाली. त्यामागे रंगांधता असावी असे मानून हॉल्मग्रेन याने रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी लोकरीच्या रंगीत लडींची परीक्षा सुरू केली. तीत रंगाचे नाव विचारीत नसत. सारख्या रंगाच्या लडी जुळवावयास सांगत. नाव व दर्शन यांची फारकत करण्याचा हा एक पद्धतशीर प्रयत्न होय. रिव्हर्स याने १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीत, आणि १९०१–०२ मध्ये निलगिरीतील तोडा लोकांत इंद्रियशक्तींची परीक्षा घेतली. बर्लिन व के यांच्या १९६९ च्या ग्रंथानंतर तर रंगनामांचा अभ्यास हे एक स्वतंत्र क्षेत्रच झाले. या सर्वांतून निघणारा आपल्यापुरता निष्कर्ष असा, की नाव नसणे म्हणजे न दिसणे नव्हे, आणि उलटपक्षी, नाव घेता येणे म्हणजे पूर्वीसारखे दिसणेही नव्हे.

ही दुसरी बाजू आपल्या विषयात फार महत्त्वाची आहे. कुंकू तांबडे असते हे ज्यास जन्मभर ठाऊक आहे, तो दृष्टी बिघडली तरी ‘तांबडे’ असेच उत्तर देईल. ते उत्तर डोळ्याचे नसून स्मृतीचे आहे. मराठीत तांबडा, हिरवा, निळा, पिवळा ही मूळ नावे असली तरी डाळिंबी, अबोली, आमसुली, पोपटी, मोरपंखी, राखी ही कितीतरी नावे वस्तूंवरून घेतलेली आहेत. वस्तू माहीत असली की नाव तोंडी येते. म्हणून ‘हा कोणता रंग?’ हा प्रश्न आरंभ शोधण्यास निकामी ठरतो.

शिनोबू इशिहारा याने १९१७ मध्ये जपानमध्ये तयार केलेले ठिपक्यांचे तक्ते जगभर वापरले जातात. ते मुळात जन्मजात रंगांधतेसाठी आहेत व त्यात इंग्रजी आकडे ओळखावयाचे असतात. ज्यास फक्त देवनागरी आकडे येतात त्याला इंग्रजी आठाचा आकडा मराठी चारासारखा भासणे अगदी स्वाभाविक आहे. त्याने ‘चार’ म्हटले तर दोष दृष्टीचा नसून लिपीचा असेल. निरक्षरांकरिता इशिहाराने बोटाने गिरवावयाच्या वळणदार रेषांचे तक्तेही ठेवले आहेत. फार्न्सवर्थची १९४७ ची परीक्षा याहून भाषामुक्त आहे. तीत रंगीत चकत्या केवळ क्रमाने लावावयाच्या असतात. नावावाचून परीक्षा घेणे शक्य आहे हे हॉल्मग्रेनपासून सिद्ध झाले असताही व्यवहारात बहुधा नावच विचारले जाते.

६. मुंबईतील एक नोंद

दृष्टीस इजा करणारे औषध नेहमी गंभीर रोगाचेच असते असे नाही. जपानमध्ये १९५५ नंतर पाय बधिर होणे, चालता न येणे व दृष्टी जाणे अशा लक्षणांची एक व्याधी पसरली. दहा हजारांहून अधिक लोक तीत सापडले. बराच काळ ती संसर्गजन्य समजली गेली. काही रुग्णांच्या जिभेवर व मूत्रात आढळलेल्या हिरव्या रंगाचा शोध घेता तो क्लिओक्विनॉल या पोटाच्या साध्या औषधापासून आल्याचे कळले, आणि सप्टेंबर १९७० मध्ये जपानने त्यावर बंदी घातली. हे औषध आपल्याकडेही खपत होते. मुंबईचे चेतासंस्थातज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी या व्याधीविषयीची मुंबईतील निरीक्षणे १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. औषधाकडे संशयाने पाहण्यास इतका काळ लागला याचे कारण, घरच्या कपाटातील परिचित गोळी ही ‘औषध’ या नात्याने कोणी मोजतच नव्हते. ‘कोणते औषध चालू आहे?’ या प्रश्नास ‘काही नाही’ असे उत्तर देणारा मनुष्य अनेकदा खोटे बोलत नसतो. त्या शब्दाची त्याची व्याप्तीच निराळी असते.

७. २०१७ नंतरचा प्रश्न

भारतात १९९७ पासून चाललेल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा औषधे देत, आणि नव्या रुग्णास एथॅम्ब्युटॉल पहिले दोन महिनेच मिळे. २०१७ मध्ये देशभर दैनंदिन उपचारपद्धती आली. तीत हे औषध पुढील चार महिनेही, म्हणजे एकूण सहा महिने चालू राहते. या बदलामागे सबळ कारण होते; आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या जंतूंपासून रुग्णाचे रक्षण व्हावे हा त्याचा हेतू आहे. परंतु दृष्टीतील बदल दोन ते आठ महिन्यांत प्रकट होतो हे आपण वर पाहिले. पूर्वी औषध ज्या टप्प्यावर थांबत असे, तेथूनच धोक्याचा काळ सुरू होतो, व आता तो काळ उपचाराच्या आत येतो. संयुक्त गोळीत एथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. ४० किलोग्रॅमच्या रुग्णास तीन गोळ्या, म्हणजे ८२५ मिलिग्रॅम, अर्थात दर किलोग्रॅमला २०.६ मिलिग्रॅम मिळतात. हे औषध मूत्रावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड दुबळे असेल तर त्याचे प्रमाण रक्तात वाढते. भारतीय तज्ज्ञांनी २०२१ मध्ये या प्रश्नावर एक एकमत-निवेदन प्रसिद्ध केले, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात येईल.

शिरढोणसारख्या गावातील रुग्णाचा महिन्याकाठी संबंध येतो तो आरोग्यसेविकेशी किंवा आशा कार्यकर्तीशी. नेत्रयंत्र पनवेलला असेल. प्रश्न मात्र ओसरीवर विचारला जातो. तेथे विचारले जाते : ‘नीट दिसते ना?’ उत्तर येते : ‘दिसते.’ हे उत्तर का येते याचे कारण अंशतः मराठीच्या वाक्यरचनेत आहे. ‘मी पाहतो’ या वाक्यात कर्ता मी. ‘मला दिसते’ या वाक्यात मी केवळ अनुभव घेणारा, आणि क्रियापद वस्तूप्रमाणे चालते : मला झाड दिसते, मला अक्षरे दिसतात. अनुभवातील बिघाड त्यामुळे सहजच वस्तूच्या खाती जमा होतो. लुगडे विटले, दिवा मिणमिणतो, हल्ली वर्तमानपत्राची छपाई पुसट येते, कुंकू पूर्वीसारखे उठत नाही, ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या जगाविषयी आहेत. परंतु एथॅम्ब्युटॉल घेणाऱ्याच्या तोंडी ती डोळ्याविषयी असू शकतात. डोळ्याबद्दल थेट विचारले तर तक्रार नाही, आणि जगाबद्दल तक्रार आहे, अशी ही स्थिती असते. पहिली खूण या वाक्यांत दडलेली असते, व ऐकणारा ती घरगुती बोलणे म्हणून सोडून देतो.

त्यावरून प्रश्नांची रचना कशी असावी हे सुचते. एक, प्रत्येक डोळा वेगळा झाकून विचारावे. दोन, नाव न विचारता तुलना विचारावी : ‘हे तांबडे कापड मागच्या महिन्याइतकेच भडक दिसते, की विटल्यासारखे?’ कापड दर महिन्यास तेच असावे. तीन, रुग्णाच्या नित्याच्या कामाविषयी विचारावे : तांदूळ निवडताना खडा दिसतो का, सुईत दोरा जातो का, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखतो का. चार, उत्तर रुग्णाच्याच बोलीत टिपावे. पनवेल-उरण भागातील आगरी बोलीत ‘डोळा’ हा ‘डोला’ व ‘तांबडा’ हा ‘तांबरा’ असा ऐकू येतो. उच्चार सुधारून लिहिण्याच्या नादात पुष्कळदा शब्दच बदलला जातो, आणि ‘विटल्यासारखे’ याचे कागदावर ‘दृष्टी कमी’ होते. हे दोन अर्थ एक नव्हेत. पहिल्यात रंग गेला आहे, दुसऱ्यात तेवढा तपशील उरलेला नाही.

अशी खूण आढळली असता रुग्णाने सर्व औषधे आपण होऊन बंद करणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास क्षय बळावतो. त्याच दिवशी वैद्यास कळविणे व संशयित औषधाविषयी निर्णय त्याने घेणे, हाच मार्ग होय. एथॅम्ब्युटॉल वेळीच थांबविल्यास काही आठवड्यांत वा महिन्यांत दृष्टी पुष्कळदा सुधारते. प्रत्येकाची सुधारतेच असे नाही. एका महिन्याचा विलंब येथे लहान गोष्ट नाही.

८. समारोप

या दीड-दोनशे वर्षांच्या इतिहासात पहिली खूण तीन ठिकाणी राहून गेली आहे. कोयनेलच्या काळी ती कानात होती, आणि तिला उपचाराचे यश समजले गेले. क्लोरोक्विनच्या वर्गात ती रुग्णास कळतच नाही. तेथे वजनाप्रमाणे मात्रा व ठरलेल्या वर्षी यंत्राची तपासणी यांवाचून गत्यंतर नाही, आणि ‘मला काही त्रास नाही’ हे रुग्णाचे वाक्य ग्राह्य धरणे घातक आहे. एथॅम्ब्युटॉलच्या बाबतीत याच्या उलट : रुग्णाचे वाक्य हाच पहिला पुरावा, आणि ते जगाविषयीच्या तक्रारीच्या रूपाने येते. एका औषधाचा नियम दुसऱ्यास लावला म्हणजे दोन्हीकडे उशीर होतो.

आपल्या विद्यापीठांतून भाषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर येथे एक काम उभे आहे. बोलींचे शब्दसंग्रह आपण नातेवाचक संज्ञा, शेतीची अवजारे, सणवार यांपुरते पुष्कळ केले. दिसण्या-न दिसण्याचे, रंग उडण्याचे, अंधारण्याचे शब्द जिल्हावार गोळा करून ते आरोग्यसेविकेच्या प्रश्नावलीपर्यंत पोचविणे, हे संशोधन विभागास शोभणारे आहे. अशा संग्रहाची किंमत कोशातील पानांच्या संख्येवर ठरणार नाही. ‘लुगडे विटले’ हे वाक्य ऐकताच ऐकणारीने डोळा झाकून पाहावयास सांगितले, एवढे घडले तरी त्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.